परत आली तर नापास

आमच्या घरात दोन गोष्टी आपोआप साठत गेल्या. एक कुरिअरचे रिकामे खोके आणि दुसरे किस्से. खोके भंगारवाला घेऊन जातो. किस्से कुणी नेत नाही, उलट जो येतो तो आणखी एक ठेवून जातो. चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "सर, तो तव्याचा सांगा." तव्याचा सांगितला की पट्ट्याचा निघतो आणि पट्ट्याचा निघाला की चहा दुसऱ्यांदा ठेवावा लागतो. म्हटलं, एकदाचे लिहूनच टाकू.

आधी ओळख करून देतो. मी भोकरदनला हायस्कूलवर मराठी शिकवतो. माझी बायको सुजाता हिची 'वापरून सांगते' नावाची वेबसाइट. घरात लागणाऱ्या वस्तूंबद्दल ती तिथे लिहायची आणि लेखाखाली ऑनलाइन दुकानाची लिंक द्यायची. त्या लिंकवरून कुणी वस्तू घेतली की दुकान तिला थोडं कमिशन द्यायचं. तिची धाकटी बहीण रत्ना हिचं गावात ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर आहे, त्यामुळे साइटची तांत्रिक बाजू तिच्याकडे. माझ्याकडे शुद्धलेखन.

सुजाता मागच्या उन्हाळ्यात गेली. साइट मागे राहिली. ती चालू ठेवायची की बंद करायची, हे एका पाठ खाजवायच्या काठीवर येऊन अडलं होतं. तो किस्सा शेवटी सांगतो.

*

लिंक कोणत्या वस्तूची लावायची, हा या कामातला खरा प्रश्न. रत्नाचं उत्तर सरळ होतं. जिच्यावर कमिशन जास्त, ती वस्तू चांगली. त्या हिशेबाने पहिला नंबर लागला विजेवरच्या रोटी मेकरचा. सुजाता म्हणाली, आधी मागवून तर बघू.

पहिल्या पोळीचा पापड झाला. दुसरी निम्मी पोळी, निम्मा पापड. तिसरी मी खाल्ली, आणि कशी झाली असं तिने विचारल्यावर शाळेला उशीर होतोय असं सांगून निघालो.

सुजाताला वाटलं, आपल्यालाच जमत नसेल. तिने तो समोरच्या कडूबाई मावशींना वापरायला दिला. कडूबाई मूळच्या पिंपळगाव रेणुकाईच्या. मालक वारलेले, शेत मुलाकडे, मुलगा-सून गावाकडे. त्या इथे गल्लीत एकट्या राहतात, सोबत एक बकरी. सुनेशी पटत नाही का, असं कुणी विचारलं तर म्हणतात, "पटतंय की. लांब राह्यले म्हणूनच पटतंय."

रोटी मेकर त्यांनी त्याच संध्याकाळी परत आणला. चांगला राखेने घासून, पाण्याने धुऊन! विजेची वस्तू ती, तिथेच संपली. आमच्याकडे उसनं आणलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून वर दोन गरम भाकरी होत्या. भाकरी बघून सुजाता हरखली. मावशींना जमलं की!

"ह्या तव्यावरच्या हायेत," कडूबाई म्हणाल्या. "मशीनमधल्या बकरीला घातल्या."

"खाल्ल्या का तिनं?"

"हुंगल्या."

आता खरी गंमत पुढे आहे. दोरी ओढून भाजी चिरायचा एक छोटा चॉपर कडूबाईंनी मागे कधीतरी नेला होता. सुजाताला तो आठवला. ती म्हणाली, मावशी, चॉपरचं काय झालं? कडूबाई निघाल्या होत्या, त्या वळल्यासुद्धा नाहीत. "हाय की. हितंच हाय. कुठं जातंय."

त्या दारातून गेल्या आणि सुजाता बराच वेळ त्या दाराकडे बघत बसली. मग म्हणाली, सापडलं.

तिचा नियम त्या संध्याकाळी ठरला. वस्तू मागवायची, आधी घरात वापरायची, मग गल्लीत एका घरी उसनी द्यायची. मागायची नाही. गावचे दोन आठवडी बाजार होऊ द्यायचे. तेवढ्यात वस्तू आपण होऊन परत आली तर नापास. नाही आली तर पास, आणि मगच लेख साइटवर लावायचा. पास झालेली वस्तू ज्या घरात असेल तिथेच राहायची.

कुणाला काय दिलंय, हे ती आम्हालाही सांगायची नाही. त्यालाही कारण होतं. मी एकदा गल्लीत सहज विचारलं होतं, आमची टॉर्च कुणाकडे आहे का? तासाभरात तीन टॉर्च आल्या. त्यातली एकही आमची नव्हती.

*

एकदा कंपनीच्या माणसाचा फोन आला. पाय दाबायचं यंत्र होतं, कमिशन इतरांच्या तिप्पट. रत्ना तर फोनच्या पाया पडायच्या बेतात होती. त्याने विचारलं, मॅडम, तुमची टेस्टिंगची पद्धत काय? सुजाता म्हणाली, शेजारी देते. त्याने ते लिहून घेतलं असावं, कारण मध्ये थोडा वेळ गेला. यंत्र आलं आणि गल्लीत गेलं.

काही दिवसांनी रिपोर्ट विचारायला त्याचा पुन्हा फोन. सुजाता स्वयंपाक करत होती, फोन स्पीकरवर.

"परत आलं," ती म्हणाली. "वर वांग्याची भाजी होती."

मग त्याने अदबीने विचारलं, "मॅडम, वांग्याची भाजी म्हणजे किती स्टार?"

तिने त्याला नीट समजावून दिलं. वस्तू नुसती आवडली नाही, तर भाजी येते. बिघडवून आणली असेल, तर गोड येतं. शिरा आला तर समजायचं वायर जळाली. पुरणपोळी आली तर वस्तू उघडूनसुद्धा बघायची नाही, सरळ भंगारात. तुमच्या यंत्रावर भाजी आली म्हणजे ते शाबूत आहे, फक्त कुणाला नकोय.

त्याला हे सगळं ईमेलवर लेखी हवं होतं. सुजाताने लिहिलं, मी ऱ्हस्व-दीर्घ तपासलं. चार दिवसांनी त्याच्या साहेबांचं उत्तर आलं. पुढच्या मॉडेलमध्ये सुधारणा करून यंत्र पुन्हा भाजीसाठी पाठवतो, असं त्यात होतं.

*

रत्नाने एकदा आपल्या मनाने कंबरेचा पट्टा मागवला. विजेवर थरथरतो आणि म्हणे वजन उतरतं. सुजाता नको म्हणाली, पण बहिणीचा हट्ट, गेला पट्टा गल्लीत. एक बाजार झाला, दोन झाले, पट्टा काही परत येईना. रत्नाचे पाय जमिनीवर नव्हते. पास झाल्यावर सुजाताने सांगितलं, पट्टा कडूबाईंकडे आहे, जाऊन विचारून ये म्हणजे लिहिता येईल.

रत्नाने जाऊन आधी कडूबाईंची कंबर बघितली. होती तशीच होती, कदाचित थोडी अधिकच. "मावशी, पट्टा वापरता ना?"

"तर! लई कामाचा हाय. त्याच्याबिगर माझं पानच हलत न्हाई."

त्यांनी तिला आत नेलं. छताच्या कडीला मोठी चाळणी टांगली होती. चाळणीला पट्टा बांधला होता. बटण दाबलं की चाळणी थरथरायची आणि बाजरीचं पीठ खाली परातीत पडायचं. कडूबाई बाजूला चहा पीत बसायच्या.

नियमाने पट्टा पास होता. सुजाताने लेख लिहिला: "वजन कमी होत नाही. पीठ उत्तम चाळलं जातं. कंबर मोकळी राहते." कंपनीचा रागाचा मेल आला, पहिली दोन वाक्यं काढा. तिने कळवलं, तिन्ही एकाच वस्तूबद्दल आहेत, काढायची तर तिन्ही काढते.

ऑर्डरी मात्र येत राहिल्या. वडीगोद्रीला हायवेवर ढाबा चालवणाऱ्या एका बाईंनी दोन पट्टे मागवले आणि महिन्याने कळवलं, "एक चाळणीला बांधला, एक मालकांना बांधला. चाळणीचा चांगला चालू आहे."

*

आता तव्याचा. बसस्टँडजवळ रफिकभाईंचं भांड्यांचं दुकान आहे. आमची जुनी ओळख. एक दिवस ते घरी आले, चहा घेतला नाही, म्हणाले, "भाभी, तुम्ही तर आमच्या पोटावरच लिंक लावली."

सुजाताने ऐकून घेतलं. नेमका त्याच आठवड्यात तिने एक लोखंडी तवा ऑनलाइन मागवला होता आणि तो तडा जाऊन आला होता. तिने लेख लिहिला: तवा खोक्यात बघून घेऊ नये, हातात धरून, वाजवून घ्यावा. लिंकच्या जागी तिने चक्क रफिकभाईंचा फोन नंबर टाकला. रत्ना म्हणाली, ताई, यात आपल्याला कमिशन काय? सुजाता म्हणाली, काही नाही.

तिसऱ्या दिवशी रफिकभाईंना पुण्याहून एका बाईंचा फोन आला. तवा हवाय. त्या म्हणाल्या, वाजवून घ्या असं लिहिलंय, तर वाजवून दाखवा.

भर बाजाराचा दिवस. रफिकभाईंनी एका हातात फोन धरला, दुसऱ्या हाताने तवा खांबाला टांगून त्यावर उलथनं मारलं. टणणण!

"दुसरा वाजवा," पुण्याच्या बाई म्हणाल्या.

दुसरा वाजला, तिसरा वाजला. लोक जमायला लागले. कुणाला वाटलं सेल लागलाय, कुणाला वाटलं रफिकभाईंचं डोकं फिरलं. बाईंनी सगळे ऐकले, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "पहिलाच परत वाजवता का?"

दुकानात होते नव्हते ते तवे वाजवून झाले. बाईंनी एक घेतला. पण जमलेल्या गर्दीने बाकीचे सगळे नेले, कारण प्रत्येकाने आपल्या कानाने ऐकले होते.

संध्याकाळी रफिकभाई मिठाई घेऊन आले. "भाभी, मेरा पण कायम लिंक राहू द्या. बस एवढं लिहा, वाजवायचा टाइम दोपहर के बाद."

*

जालन्याहून एका वाचक बाईंनी तक्रार कळवली. तुमच्या पद्धतीने इस्त्री शेजारी दिली. शेजारी भाडेकरू. त्यांची बदली झाली, ते सामानासकट गेले आणि इस्त्रीही गेली. आता काय करू?

सुजाताचं उत्तर एका ओळीचं होतं. "अभिनंदन, इस्त्री पहिल्या नंबरने पास."

*

आता काठी.

सुजाताची ट्रीटमेंट चालू होती, आम्ही बसने संभाजीनगरला जाऊन-येऊन होतो. साइटवर तिने त्याबद्दल कधी एक अक्षर लिहिलं नाही. त्या दिवसांत तिने ही काठी मागवली. स्टीलची, जुन्या रेडिओच्या एरियलसारखी ओढून लांब होणारी, टोकाला छोटासा पंजा. मला हसू आलं. म्हटलं, ही कशाला? मी आहे ना घरात.

"सगळ्यांच्या घरी असतं का माणूस?" ती म्हणाली.

तिने लेख लिहिला आणि माझ्याकडे तपासायला दिला. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. एका सकाळी काठी घरात दिसेना, तेव्हा कळलं की ती गल्लीत गेली. कुणाकडे, ते नेहमीप्रमाणे तिने सांगितलं नाही.

पहिला बाजार ती असताना झाला. दुसऱ्या बाजाराला ती नव्हती.

*

सुजाताच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले आणि दुसऱ्या दिवसापासून गल्ली वस्तू परत करायला लागली.

सगळ्यात आधी कडूबाई आल्या. त्यांनी चॉपर आणला, लिंबू पिळायचं यंत्र आणलं आणि पट्टा आणला. पट्टा चाळणीला बांधलेलाच होता. सोडून आणायचं त्यांना सुचलं नसावं. त्यांच्यामागून एकेक घर आलं. वर्षानुवर्षं पास होऊन बसलेल्या वस्तू दिवसभर येत होत्या. गेलेल्या बाईच्या वस्तू ठेवून घेणं कुणालाच बरं वाटत नव्हतं. प्रत्येकीवर झाकून पिठलं-भाकरी नाहीतर खिचडी. गोड कुणीच आणलं नाही.

शेवटी रफिकभाई आले. त्यांनी एक तवा ठेवला. मी म्हटलं, हा आमचा नाही. ते म्हणाले, "मालूम है. पण भाभीचं काहीतरी माझ्याकडं असंल, असं वाटून राह्यलं."

बैठकीत पाय ठेवायला जागा उरली नाही. रत्ना त्या ढिगाच्या मधोमध बसली होती. सगळीकडे एकदा नजर फिरवून म्हणाली, "दाजी, आपली अख्खी वेबसाइट नापास झाली."

त्या दिवसांत आम्ही दोघं तेव्हा पहिल्यांदा हसलो.

मग तिनेच मोजदाद केल्यासारखं बघितलं आणि म्हणाली, काठी नाही आली. म्हणजे काठी पास. तिचा लेख लावून टाकू. मला ते पटेना. हरवली असेल. किंवा दुखवट्याच्या घरी पाठ खाजवायची काठी घेऊन कसं जायचं, म्हणून कुणी लाजत असेल. आणि मागायची सोय नव्हती. अशा वेळी आपण मागितलं, तर लोक स्वतःच्या घरातलंही काढून देतात. तीन टॉर्चचा अनुभव होताच.

तेवढ्यात साइटचं नाव पुढे चालू ठेवायची मुदतही जवळ आली. मी रत्नाला सांगितलं, हे काठीवर सोडू. काठी कुणी खरंच वापरतंय असं कळलं, तर तिचा लेख लावू आणि साइट चालू ठेवू. काठी परत आली, तर बंद करू.

"आणि काहीच कळलं नाही तर?" तिने विचारलं.

तिने आपल्या सेंटरवरून मुदत वाढवून घेतली, मला न विचारता.

*

रत्ना गप्प बसणारी नाही. नियमाने मागायचं नाही, पण बघायला काय हरकत आहे, असं म्हणून ती दुपारी आमच्या ओट्यावर येऊन बसायला लागली. हातात मोबाइल, नजर लोकांच्या पाठीवर. कोण कशाने खाजवतं ते बघायचं. आठवड्यानंतर तिचा निष्कर्ष असा निघाला, की अख्ख्या गल्लीत कुणाला पाठच खाजत नाही.

पण फॉर्म भरणारी बाई गल्लीत बसून लोकांच्या पाठी बघतेय, ही बातमी लपणार कशी? एका सकाळी तिने सेंटर उघडलं, तर दारात दोघीजणी आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन उभ्या. योजनेचा फॉर्म भरायचाय.

"कोणती योजना?"

"तीच. पाठीची."

रत्नाने परोपरीने सांगितलं, अशी योजना नाही. त्यातली एक जाता जाता दुसरीला म्हणाली, "तिच्या वळखीच्यांचे भरून राह्यली ती. आपल्याला न्हाई म्हणती."

*

यंदाच्या उन्हाळ्यातली गोष्ट. शाळेला सुट्ट्या होत्या. दुपारी लाइट गेली. घामोळ्यांनी माझी पाठ पेटली होती आणि हात नेमका तिथे पोचत नव्हता. गल्लीत कुणी नाही असं बघून मी दाराच्या चौकटीला पाठ लावली आणि घासायला लागलो.

"काय करून राह्यले, सर?"

समोर कडूबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"काही नाही, मावशी."

"म्हशीवानी काय घासता."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं, उठून आत गेल्या आणि गल्ली ओलांडून आल्या. हातात काठी होती. स्टीलची. मुठीला जुन्या लुगड्याची चिंधी घट्ट गुंडाळलेली, धरून धरून काळपट पडलेली. त्यांनी सवयीच्या हाताने ती शेवटच्या कांडीपर्यंत ओढून लांब केली आणि माझ्यापुढे धरली.

"घ्या. पर परत आणून द्या, सर. मला लागती."

मी बरं म्हणालो आणि घरात आलो.

संध्याकाळी रत्ना आली. टेबलावर काठी बघून ती दारातच थांबली. तिचा चेहरा उतरला. "आली का परत, दाजी?"

"नाही," मी म्हणालो. "उसनी आणलीय."

कुणाकडून, ते तिला सांगितलं. ती तिथल्या तिथे मोबाइलवरूनच लेख लावायला निघाली. मी थांबवलं. नियम म्हणजे नियम. दोन बाजार होऊ दे.

दोन बाजार झाले. सुजाताचा लेख साइटवर लागला. काल संध्याकाळी मी झाडांना पाणी घालत होतो, तेव्हा कडूबाईंनी त्यांच्या दारातून हाक मारली.

"सर, काठी?"

"आहे की, मावशी," मी म्हणालो. "इथंच आहे. कुठं जातेय."